बर्फाचे पहिले पाणी

मित्रांनो, ताल्लाक नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचे, इंगेबोर्गचे, लग्न झाले ते १९६१ साल. पाहुण्यांच्या बाकांसाठी आणलेल्या फळ्यांपैकी काही उरल्या आणि त्यांतून ताल्लाकने मला घडवले. मी माशांची अंडी उबवण्याची पेटी. दक्षिण नॉर्वेतल्या एका दरीत, नदीकाठच्या खोपटात माझे आयुष्य गेले.

नदीतले ट्राउट मासे दरवर्षी कमी होत होते. शरदात ताल्लाक माद्या पकडी, हलक्या हाताने त्यांची अंडी काढी आणि माझ्यातल्या खडीवर पसरी. कुरणातल्या झऱ्याचे पाणी माझ्यातून वाहत राही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा बुळबुळीत थर माझ्या फळ्यांवर धरे. वसंतात पिल्ले नदीत सोडली की गावकरी ताल्लाकची पाठ थोपटत आणि मलाही फुगल्यासारखे वाटे.

मग एका शरदात सारी नदी धुंडाळून दोनच माद्या हाती लागल्या. ताल्लाक म्हणाला, "ही पिल्लं गेली, तर या नदीत मासा उरला नाही."

एप्रिलमध्ये पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि बर्फही वितळू लागले. कुरणावरचे शेण मिसळून झरा गढूळ झाला. नदी मात्र काचेसारखी नितळ. ताल्लाकने झऱ्याची नळी काढून मला नदीची नळी जोडली.

त्याची थोरली बहीण आसलॉग कॉफी घेऊन आली. "अरे, नदीच्या तळाशी बघितलंस का? गेल्या शरदात गळलेली बर्चच्या झाडांची पानं कोरीच्या कोरी. कुजायला नकोत का ती?"

"पाणी स्वच्छ आहे, ताई. तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ!"

"मग उद्यापासून कॉफीही नदीचीच पी."

दोघे हसत घरी गेली.

इकडे ते पाणी मला झोंबू लागले. दूरच्या कारखान्यांचा धूर हिवाळाभर बर्फात साठला होता. त्यातले आम्ल पहिल्या वितळत्या पाण्याबरोबर एकदम नदीत उतरले होते. दरवर्षीच्या अशा आम्लाने पाने कुजवणारे बारीक जीवही नदीतून आधीच संपले होते. लोकांना हे काही वर्षांनी कळले. माझा थर सुटून गेला. पिल्ले तोंड वासून कडेला आली आणि उताणी होत गेली. मला हाक मारता येत नव्हती.

सकाळी ताल्लाकने झाकण उचलले आणि नदीची नळी उपटून काढली. आसलॉगने टोमणा मारला नाही. चमच्याने मेलेली पिल्ले काढताना ती एवढेच म्हणाली, "झऱ्यात नुसतं शेण होतं रे. त्यात ती जगली असती."

त्यानंतर मला खोपटामागे पालथे घातले गेले. आम्लाची गोष्ट कळल्यावर ताल्लाक दर हिवाळ्यात समुद्राकाठचा शिंपल्यांचा चुरा आणून नदीच्या गोठलेल्या पाठीवर टाकी. त्याने वितळत्या पाण्याचे आम्ल थोडे मरे. मासा मात्र परतला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी कारखाने चालवील. तुमचा धूर दिसेनासा झाला म्हणजे संपला, असे समजू नका. तो कुठल्या तरी डोंगरावर बर्फात बसून वसंताची वाट पाहत असतो.

आसलॉग १९७४ च्या हिवाळ्यात वारली. ताल्लाक १९७८ च्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असताना गेला.