श्वास नियमित

ऑफिसातल्या कोठीच्या खोलीची कडी आतून लावून ती कागदाच्या खोक्यावर टेकली, दुधाचा पंप छातीला लावला आणि फोन समोरच्या फळीवर जुन्या कीबोर्डांच्या ढिगाला टेकवून उभा केला. बाळ डोळ्यांसमोर असलं की दूध लवकर उतरतं, असं नर्सने सांगितलं होतं. फोनवर बाळ दिसत नसे. बाळाच्या पायातल्या मोज्याने धाडलेलं एक हिरवं वर्तुळ दिसे, आणि त्यात अक्षरं: श्वास नियमित. झोप शांत. मिनिटाला चौतीस.

मोजा तिच्याच कंपनीचा. तान्ह्या बाळाच्या पायात चढवायचा. तो श्वास टिपतो आणि काही बिनसलं तर आईबापांच्या फोनवर बोंब ठोकतो. तो आकडा फोनपर्यंत पोचवण्याचा कोड तिचा.

एरवी असली चीज ती उंबरठ्याच्या आत येऊ देत नसे. नवऱ्याने एकदा बोलणारा स्पीकर आणला, तो तिने खोक्यासकट परत पाठवला. घरातलं कपड्यांचं मशीन कान पिळून चालणारं, दाराला साधं कुलूप, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी.

"पोट भरतेस कॉम्प्युटरवर आणि घरात अश्मयुग," नवरा चिडवायचा.

"भटारखाना पाहिलेला माणूस घरचाच डबा खातो," ती म्हणायची.

पण मोज्याच्या नव्या आवृत्तीची चाचणी ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनीच करायची असं ठरलं, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तर शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तिथे बसणारे कुठे गेले, हे कोणी बोलत नव्हतं. त्यांच्या टेबलावरची कुंडी मात्र कोणीतरी आपल्या टेबलावर नेली होती.

दारावर टकटक झाली.

"आत आहेस ना? तुझ्या मंजुरीवर अडलंय सगळं." आवाज कॅप्टनचा. टीमचा प्रमुख, दर संकटात 'जहाज बुडू देणार नाही' म्हणायचा, म्हणून हे नाव चिकटलेलं. "नवी आवृत्ती संध्याकाळी सगळ्या घरांत पोचवायचीय."

"आलेच, कॅप्टन."

"खोट्या अलार्मची एकही तक्रार नाही बघ या वेळी! आधी वैतागून परत पाठवत होते लोक. आणि आमच्या घरची गंमत सांगू? बाळाच्या पायात मोजा चढवून बायको आज कितीतरी दिवसांनी आडवी झालीय. म्हणाली, मोजा जागा आहे ना, मग मी झोपते. फोनही बंद करून ठेवलाय तिने."

तो हसत निघून गेला. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि सवयीने फोनकडे पाहिलं.

चौतीस.

मघाशीही चौतीसच होता. सकाळी मीटिंगमध्ये टेबलाखाली पाहिला, तेव्हाही बहुतेक तोच. ती थांबून बघत राहिली. जिवंत लेकराचा आकडा एका जागी ठरत नाही. स्वप्न पडलं तरी वर जातो, कूस वळली तरी उतरतो. आणि या वेळेला तिची लेक, ढमी, कधी झोपलेली नसते. भुकेने आख्खी इमारत डोक्यावर घेते.

तिने सासूबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायचीही राहिली. टॅक्सीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, ती तिने हातातच घट्ट धरली होती.

बाळाने पाय झाडला की मोजा सरकतो, सिग्नल तुटतो. तेवढ्याने आईबाप दचकू नयेत म्हणून शेवटचा चांगला आकडा क्षणभर तसाच धरून ठेवायचा, ही तिचीच युक्ती. क्षणभर. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती. नव्या आवृत्तीत तो क्षण कोणी किती ताणला, हे तिने पाहिलंच नव्हतं. 'खोटे अलार्म कमी केले' एवढीच ओळ वाचली होती, मांडीवर ढमीला थोपटता थोपटता.

"जरा लवकर घ्याल का?"

"मॅडम, पंख नाहीत हो गाडीला," ड्रायव्हर म्हणाला. मग आरशात तिचा चेहरा पाहून त्याने गाडी गल्लीत घातली.

चौतीस. तिला वाटलं, हा आकडा बदलला तर बरं, आणि लगेच वाटलं, नको, बदलायला नको. बाटली दुधाने अजून कोमट होती. ती तिने पोटाशी धरली.

जिना चढताना चप्पल निसटली, ती तिथेच राहिली. किल्ली कुलपात जाईना. तेवढ्यात दार आतूनच उघडलं.

"अगं बाई! एवढ्या लवकर? नोकरी गेली की काय?" सासूबाई दारात. आत कपड्यांचं मशीन धडधडत होतं. आणि त्यांच्या कडेवर ढमी, त्यांच्याच चष्म्याची दांडी चघळत, हनुवटीवर लाळेचा ओघळ.

तिने ढमीला ओढूनच घेतलं. छातीला कान लावला. ढमीने तिचे केस मुठीत धरले.

"फोन का नाही उचललात, आई?"

"या यंत्रापुढे स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, फोन कुठला! झालं तरी काय?"

"मोजा कुठंय?"

"तो होय? तुझ्या लेकीने शी करून घाण केला. सकाळीच काढून धुवायला टाकला."

गॅलरीत दोरीवर, नवऱ्याच्या बनियनशेजारी, दोन चिमट्यांत तो इवलासा मोजा लटकत होता. टाचेतून पाणी ठिबकत होतं. तिने फोन त्याच्याशेजारी धरला. हिरवं वर्तुळ. श्वास नियमित. झोप शांत.

सासूबाईंनी चष्मा पुसून वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. "खरंच गं! बघ की, कसा गाढ झोपलाय!"

तीही हसली. गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग हसता हसता तिला संध्याकाळची मंजुरी आठवली.

फोन वाजला. कॅप्टन, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, व्हिडिओवर.

"कुठे गायब झालीस? एक बटण दाबायचंय फक्त. वरून दोनदा विचारणा झाली. रजेवरून आल्या आल्या तुझ्यामुळे अडलं असं व्हायला नको, तुझ्याच भल्याचं सांगतोय."

तिने कॅमेरा वळवला. दोरी, चिमटे, ठिबकणारी टाच. मग सासूबाईंच्या फोनवर तेच हिरवं वर्तुळ उघडून तेही दाखवलं.

"हे काय?"

"सकाळपासून असंच आहे, कॅप्टन. मी मंजुरी देणार नाही."

"नेटवर्कचं असेल काहीतरी. हे बघ, आत्ता कोणाला सांगू नकोस, आपण पुढच्या आवृत्तीत..."

"कॅप्टन," ती म्हणाली, "तुमच्या फोनवर आत्ता काय आकडा आहे?"

त्याने टेबलावरचा फोन उचलला. त्याच्या चष्म्याच्या काचांत दोन हिरवे ठिपके उमटले.

"एकोणचाळीस. व्यवस्थित आहे."

"बघत राहा जरा."

ढमी तिच्या गळ्याशी श्वास घेत होती. भरभर, मग संथ, मध्येच एक अडखळ, पुन्हा भरभर.

"हलला का?"

"एकोणचाळीस," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, हळूच, "मघाशीही एकोणचाळीसच होता."

खुर्ची पडल्याचा आवाज आला. पडद्यावर नुसती भिंत उरली आणि दूर जात असलेली पावलं.

"काय गं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

तिच्या हातांची मिठी नकळत आवळत गेली. ढमी कुरकुरली, मग भोकाड पसरून रडू लागली. तिने तिला गप्प केलं नाही.