वहिनींच्या बरण्या

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. होत्या तीन खोल्या आणि मागे एक पत्र्याची शेड. पहिल्या खोलीत फळं निवडायची, दुसरीत जॅम शिजायचा, तिसरीत तो बरण्यांत भरायचा. बरण्या शेडमध्ये धुवायच्या. त्या नव्या नसत, भंगारवाल्याकडून पोत्यांनी येत. रिकाम्या बरणीत माणसं काय काय ठेवतात हे ज्याला बघायचं असेल त्यानं एखादं पोतं उघडावं. गंजके खिळे, ग्रीस, ब्रश बुडवायचं टर्पेंटाइन. एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली होती, दातांसकट हसणारी.

घरची थोरली सून सहा वर्षांत त्या शेडमध्ये एकदाही गेली नव्हती. दारापर्यंत जाई आणि मागे फिरे. तसं कुणी तिला जा म्हटलंही नव्हतं. ती रसायनशास्त्र शिकलेली, तिचं काम तपासणीचं. भरण्याच्या खोलीला लागून तिची छोटी खोली होती: एक टेबल, एक भिंग, साखर मोजायचं यंत्र आणि एक जाड रजिस्टर. प्रत्येक खेपेतल्या तीन बरण्या, पहिली, मधली आणि शेवटची, ती उघडून बघे, रजिस्टरात लिही आणि सही करी. तिच्या सहीशिवाय माल दाराबाहेर जात नसे. सहा वर्षांत एकही बरणी वाईट निघाली नव्हती. याचा तिला अभिमान होता, पण ती कुणाला तो दाखवत नसे. कामगारही तिला वहिनीच म्हणत.

तिचा धाकटा दीर तीन दिवसांचा कसलासा अभ्यासक्रम करून आला, तो गळ्यात स्टॉपवॉच अडकवूनच. तेव्हापासून कामगार त्याला पाठीमागे घड्याळसाहेब म्हणू लागले. कोण किती वेळ वाकतो, कोण किती पावलं चालतो, सगळं तो टिपून घेई. एक दिवस तो तिचं रजिस्टर मागायला आला.

"वहिनी, सहा वर्षांत एकही खराब नाही?"

"एकही नाही."

"मग आपण बरण्या गरजेपेक्षा जास्त धुतोय. तीन पाणी कशाला? एका पाण्यात काम भागेल. तुमचेच आकडे सांगतायत हो, मी नाही."

तिनं विचार केला. आकड्यांवरून तसंच निघत होतं. ती म्हणाली, "करून बघा. मी तपासतेच आहे."

एका पाण्याचा माल महिनाभर तपासला. तीन-तीन बरण्या, सगळ्या लख्ख. दिवसाला तीन खेपांच्या चार झाल्या. सासरे खूश. एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला नमुन्यादाखल दोनशे बरण्या गेल्या, त्यांना आवडल्या, आणि आता बाराशेची मागणी आली होती. टेम्पो चार वाजता येणार होता.

त्या दिवशी पहिल्या दोन बरण्या तिनं एकदमच उघडल्या. पहिल्या बरणीच्या तोंडाच्या आट्यांमध्ये काळपट रेघ दिसली. फळाची साल असेल म्हणून तिनं भिंग धरलं. ग्रीस होतं, आणि त्यात एक केस चिकटला होता, आखूड आणि जाड. दुसऱ्या बरणीच्या तळाशी जुन्या लेबलाचा लगदा आणि त्यात रुतलेला झुरळाचा पाय. तिसरीचं झाकण फिरवलं मात्र, टर्पेंटाइनचा भपकारा आला. फळाच्या गोड वासात मिसळलेला तो वास तिच्या घशात जाऊन बसला. तिनं तोंडाला रुमाल लावला.

एवढ्यात धुलाईवाली मावशी ओल्या हातांनी धावत आली. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनची बाई.

"वहिनी, थांबा! उघडू नका! त्या तुमच्या नव्हेत!"

"माझ्या नव्हेत म्हणजे?"

मावशीनं उघड्या बरण्यांकडे बघितलं.

"मावशी, माझ्या म्हणजे कुठल्या?"

"अहो, निळ्या पेटीतल्या." मावशीनं हात लुगड्याला पुसले. "तुमच्यासाठी वेगळ्या काढून ठेवते ना मी. सोडा घालून गरम पाण्यात उकळते, ब्रश मारते, उन्हात धरून बघते. भरताना पहिली, मधली, शेवटची म्हणून बाया त्याच लावतात. तुम्ही पहिल्या दिवशी आलात, शेडच्या दारात उभ्या राहिलात आणि उलटी केलीत. तेव्हाच मी बायांना सांगितलं, या पोरीला आपली घाण दाखवायची नाही. आज घड्याळसाहेबांनी ती पेटीच उचलली. म्हणे, अडगळ आहे."

"सहा वर्षं?"

"एक दिवस चुकले नाही मी," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती.

"आणि आम्हा घरच्यांच्या चहाला ऑफिसात येते ती बरणी?"

"ती पण त्याच पेटीतली. साहेब लोक खाणार, मग!"

ती उठली आणि सरळ शेडमध्ये गेली. नाकाला रुमाल न लावता. सिमेंटच्या हौदातलं पाणी पाणी राहिलंच नव्हतं. राखाडी, दाट, वर तेलाचे गोल तवंग तरंगत होते. सिगारेटची थोटकं काठाला लागली होती. दोन बाया एकाच लयीत बरण्या बुडवत आणि उलट्या ठेवत होत्या, आणि त्यांतून ओघळणारं पाणी परत हौदातच पडत होतं. पाणी कधी बदलता, असं तिनं विचारलं. एक बाई म्हणाली, "बदलायला वेळ कुठाय? ते बघतात ना घड्याळात." पोटातलं सगळं वर आलं. या वेळी तिनं ते गिळलं, तिथंच उभी राहिली आणि सगळं नीट बघितलं.

तीन वाजता ऑफिसात चहा असे. सासरे, दीर आणि ती. पाव, सुरी, बरणी. आजची बरणी तिनं स्वतः आणली, बाराशेतल्या एका खोक्यातून, डोळे मिटून उचललेली. ती अजून उघडलेली नव्हती.

"सही झाली का सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. आधी चहा घ्या."

मग पावाचा तुकडा कापता कापता तिनं सगळं सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. दीर मध्येच हसला.

"एका मावशीच्या लाडामुळे बाराशे बरण्या अडवायच्या? अहो, तीन वाईट निघाल्या असतील. बाकीच्या ठीक असणार. शेवटी शिजलेला माल आहे, गरम भरतो आपण."

"असतील की. ही बघा, चौथी. मी पाहिलेली नाही. लावा पावाला."

"त्यात काय एवढं!"

त्यानं झाकण फिरवलं, सुरी आत घातली आणि बाहेर काढली. सुरीवर लाल जॅम होता, चकचकीत. त्यात काही दिसत नव्हतं. त्यानं तो उजेडात धरला, मग जवळ नेऊन वास घेतला. पुन्हा घेतला. जॅम पावाला लागला, पाव तोंडापाशी गेला आणि तिथंच थांबला.

"बाबा, तुम्ही घ्या आधी," तो म्हणाला.

सासऱ्यांनी आपली बशी हळूच बाजूला सरकवली. "मला आज भूक नाही रे."

दिराच्या गळ्यातलं घड्याळ चालूच होतं. कुणाची हिंमत होईना, आणि कुणी तसं कबूलही करेना. तिला त्या दोघांची किळस आली, पण त्याहून जास्त आली ती आपल्या रजिस्टराची. सहा वर्षांचं सुबक अक्षर. तीन-तीन बरण्या. तिनं माल कधी तपासलाच नव्हता. मावशीची माया तेवढी तपासली होती, आणि तिच्या जोरावर दोन पाणी कमी करू दिली होती.

"टेम्पोला नको म्हणून सांग," सासरे शेवटी दिराला म्हणाले. "बरण्या फोड. आणि यापुढे भंगाराच्या नकोत."

दिरानं पावाचा तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बोटं टेबलाखाली पँटला पुसली.

ती आपल्या खोलीत आली. रजिस्टर उघडून पहिल्या पानापासून प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारू लागली. दहाव्या पानावर तिचा हात थांबला. मग तिनं फोन उचलला आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा नंबर लावला.

"गेल्या महिन्यात आमच्याकडून दोनशे बरण्या आल्या होत्या. त्यातल्या उरल्या असतील त्या उघडू नका. मी परत न्यायला येते."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता. बोलणारी बाई हसतमुख असावी.

"अहो, त्या केव्हाच संपल्या! मुलांच्या वॉर्डात दिल्या सगळ्या. बोटं चाटून खाल्ल्या पोरांनी. नव्या कधी पाठवताय?"