दोघांनी मिळून वाजवलेली पेटी

मित्रांनो, मी एक पेटी आहे. कपडे किंवा दागिने ठेवायची नव्हे, वाजवायची. माझे वय चाळिशीच्या पुढे गेले आहे. माझ्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत आणि एका बाजूचे लाकूड उंदराने कुरतडले आहे. तरीही मी वाजते. कशी वाजते, ते सांगण्यासाठीच आज तुमच्याशी बोलते आहे.

कोल्हापुरात त्र्यंबक मिस्त्री नावाचा एक कारागीर होता. त्याने मला सागवानी लाकडातून घडवले. माझ्या पोटात पितळेच्या बारीक पात्या आहेत. त्यांनाच सूर म्हणतात. मिस्त्री एकेक पाती कानाशी धरायचा, कानशीने किंचित घासायचा, पुन्हा कानाशी धरायचा. एखादा सूर मनासारखा लागला नाही, तर जेवणही विसरायचा. मी तयार झाले, तेव्हा त्याने मला फडक्याने पुसले आणि म्हणाला, "जा बाई, चांगल्या घरी पड."

मी चांगल्या घरी पडले. मुरगूडच्या एका शेतकऱ्याने मला भजनासाठी नेले. पुढे त्याचा मुलगा आकाराम मला वाजवू लागला. दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असायचे. आकारामची बोटे माझ्यावरून फिरू लागली, की मागे बसलेली माणसेही गप्पा थांबवून पुढे सरकायची. शेजारच्या तानाबाईंचा तरणा मुलगा गेला, तेव्हा त्या कित्येक दिवस कुणाशी बोलत नव्हत्या. आकाराम रोज संध्याकाळी कामावरून आला की मला त्यांच्या ओट्यावर नेऊन वाजवत बसायचा. त्यांना काही विचारायचा नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी तानाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आकाराम, च्या टाकू काय रं?" त्या दिवशी मला त्र्यंबक मिस्त्रीची आठवण झाली. माझे सूर मिळवताना त्याने जेवण विसरावे, हे योग्यच होते असे वाटले.

आकाराम कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करायचा. तिथे पत्रा कापणारे मोठे प्रेस यंत्र होते. आकाराम पत्रा ठेवायचा आणि त्याचा जोडीदार उदयसिंह पायाने पेडल दाबायचा. उदयसिंह गडहिंग्लजचा, वयाने लहान, आकारामला दादा म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत आकाराम डब्याच्या झाकणावर बोटे फिरवत चाली गुणगुणायचा आणि उदयसिंह म्हणायचा, "दादा, एकदा येतोच बघ तुझी पेटी ऐकायला."

तो आला, पण पेटी ऐकायला नव्हे.

झाले असे, की यंत्राची संरक्षक जाळी दोन दिवस मोडलेली होती. काम थांबवू नका, असे वरून सांगितले होते. आकारामचा हात पत्र्यावर असतानाच उदयसिंहला वाटले, की हात निघाला. त्याने पेडल दाबले. आकारामच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला.

मित्रांनो, मी पेटी. मला कुणी काही सांगत नाही. पण आकाराम इस्पितळातून घरी आला आणि माझ्याजवळून गेला, तेव्हा त्याने माझ्या झाकणावर नेहमीची टिचकी मारली नाही. त्यावरून मला कळले. दुसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "स्वप्नाली, ती पेटी माझ्या नजरेम्होरं नगं."

"कुठं ठिऊ?"

"कुठंबी ठेव. जाळलीस तरी चालंल."

स्वप्नालीने मला जाळले नाही. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. तिथे वैरणीची धूळ होती, पावसाळ्यातली ओल होती आणि उंदीर होते. माझ्या भात्याचे कातडे त्यांनी कुरतडले. भाता म्हणजे माझी छाती. त्यातून वारा गेला तरच मी बोलते. पण उंदरांपेक्षा मला खालच्या शांततेची भीती वाटायची. आकाराम देवळात जाईना. ताटावर बसला तर दोन घास खाऊन उठायचा. डाव्या हाताने जेवताना भात सांडला, की ताट सरकवून द्यायचा. तानाबाई येऊन ओट्यावर बसायच्या, काही न बोलता निघून जायच्या.

उदयसिंह तीन रविवार आला. तिन्ही वेळा आकारामने आतूनच ओरडून सांगितले, "जा म्हणावं त्येला! तोंड बघायचं न्हाय मला." उदयसिंह दारात उभा राहायचा, चपलाही काढायचा नाही. चौथ्या रविवारी तो आला नाही. नंतर कधीच आला नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी त्याची आई चिमणाबाई आली. गडहिंग्लजहून दोन एसट्या बदलून ती एकटीच आली होती. स्वप्नालीने तिला पाणी दिले. तिने तांब्या हातातच धरून ठेवला.

"आकाराम," ती म्हणाली, "माझं पोरगं त्या दिसापास्नं गोठ्यात बसून हाय. काम सोडलंय. परवा दगडानं स्वतःचा पाय ठेचून घ्यायला लागलं. म्हंतंय, ह्यो पाय मला नगं."

"माझी बोटं गेलीत, मावशी," आकाराम म्हणाला. "मी काय करू?"

"माफ कर म्हणायला न्हाय आले मी. माझा काय त्यो हक्क न्हाय. एकदा तेवढं तोंड दाव त्येला. लई झालं."

चिमणाबाई उठली, स्वप्नालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. आकाराम दुपारपर्यंत तसाच भिंतीला टेकून बसला होता. मग त्याने हाक मारली, "स्वप्नाली, पेटी काढ खाली."

"वाजवणार?" तिने लगबगीने उठत विचारले.

"न्हाय गं. गडहिंग्लजला जातो. त्याच्यापुढं काय बोलायचं ते सुचंना मला. काय सुचलं न्हाय तर ही हाय की संगट."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गडहिंग्लजला गेलो. उतरताना आकारामला मला उचलता येईना. एका अनोळखी बाईने माझी दुसरी बाजू धरली आणि म्हणाली, "पावणं, दमानं."

उदयसिंह गोठ्यातच होता. उजव्या पायाला फडके गुंडाळलेले. आकारामला बघून तो भिंतीकडे सरकला. आकाराम त्याच्यासमोर खाली बसला. त्याने मला मध्ये ठेवले, पोते काढले, झाकण उघडले. बराच वेळ दोघेही माझ्याकडेच बघत राहिले.

आकारामने राहिलेल्या अंगठ्याने माझा भाता ओढायचा प्रयत्न केला. जखम अजून हुळहुळी होती. त्याच्या हातातून कळ गेली. दुसऱ्यांदा ओढला, तेव्हा डोळ्यांत पाणी आले.

"भाता मार की," तो म्हणाला.

"दादा, मला न्हाय..."

"तुझं हात तरी धड हायत न्हवं? मार!"

उदयसिंहने हात भात्याला लावला. भाता माझ्या पाठीकडे असतो, म्हणून तो आकारामच्या अगदी समोर आला. त्याने घाबरून भराभर वारा भरायला सुरुवात केली. माझ्या फाटक्या कातड्यातून नुसते फुसफुस आवाज निघाले.

"हळू," आकाराम म्हणाला. "मी काय पळून चाललोय?"

वारा सावकाश येऊ लागला. आकारामने डाव्या हाताचे बोट माझ्यावर ठेवले. त्या हाताने जन्मभर फक्त भाताच मारला होता. पट्ट्यांची त्याला सवय नव्हती. एक सूर निघाला, घोगरा. मग दुसरा, चुकीचा. मग पुन्हा पहिला. शाळेतल्या पहिल्या दिवशी मुले अक्षर गिरवतात, तसा तो शिकलेली चाल नव्याने गिरवत होता. अर्धी ओळही धड झाली नाही.

उदयसिंह हमसून हमसून रडू लागला. पण त्याने भाता सोडला नाही. "दादा, मला वाटलं हात निघाला. शप्पत, मला वाटलं निघाला."

आकाराम म्हणाला, "मला ठाव हाय. मला पहिल्यापास्नं ठाव हाय. राग कुणावर तरी काढायचा हुता."

दारात चिमणाबाई उभी होती. ती आत आली नाही. बाहेरच पायरीवर बसली.

मित्रांनो, त्या दिवसानंतर सगळे नीट झाले, असे मी तुम्हाला सांगणार नाही. आकारामची बोटे परत आली नाहीत. थंडीत ज्या दिवशी त्याचा हात दुखतो, त्या दिवशी तो कुणाशीही नीट बोलत नाही. उदयसिंह पुन्हा यंत्रापाशी गेला नाही. तो आता दूध संकलन केंद्रात काम करतो. दोघांनी मिळून कारखान्याविरुद्ध तक्रार केली, आकारामने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली, तेव्हा कुठे त्या यंत्राला नवी जाळी बसली. दर शनिवारी उदयसिंह मुरगूडला येतो. देवळात दोघे समोरासमोर बसतात. एक वारा देतो, एक वाजवतो. आकारामची चाल अजून अडखळते. कुणी पुढे सरकून ऐकावे असे वादन ते नाही. तरी तानाबाई दर वेळी पुढेच बसतात.

माझा भाता चामड्याचा तुकडा लावून शिवला आहे, पण मधला एक सूर कायमचा गेला आहे. त्या पट्टीवर बोट आले की मी मुकी होते. तेवढी जागा दोघे आपल्या गळ्याने भरून काढतात. उदयसिंहचा गळा काही चांगला नाही. मला मात्र तो सूर माझ्या इतर सुरांपेक्षा जास्त आवडतो.

तुमच्या घरात एखादी पेटी पोत्यात गुंडाळून ठेवलेली असेल, तर तिला बाहेर काढा. आठवड्यातून एकदा भाता मारा. वाजवता येत नसले तरी चालेल, वारा लागला तरी आम्ही जगतो. आणि तुमच्या ओळखीचे कुणी माणूस कोपऱ्यात जाऊन बसले असेल, तर त्याच्याकडे जा. काय बोलायचे ते सुचेपर्यंत थांबू नका. आकारामलाही काही सुचले नव्हते.