हजारांतून एक दाखवताना

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय, साल्तो शहरातल्या एका दवाखान्यातला. एकोणीस वर्षं झाली, डोळे पार शिणलेत. पुरुषाचा एक शुक्राणू निवडून बाईच्या बीजात सोडायचा, हे इथलं काम. निवडतात ग्लादिसबाई, मी नुसता दाखवतो. तरी जमलं नाही की खापर माझ्या भिंगांवर.

आधी नळीत पोहत वर येतील तेवढेच घ्यायचे. मग त्यांतला डोक्याने नीट, शेपटीने सरळ असा एक काचेच्या सुईने उचलायचा. ती धडपड बघून बघून मला आता वीट आलाय.

उपचाराला आलेल्या मारिएलाची तीन बीजं मिळाली होती. दोन वाया गेली, तिसरं गोठवून ठेवलं. एक्केचाळिसाव्या वर्षी चौथं मिळणार नव्हतं. तिचा नवरा एडिसन ट्रक चालवायचा. त्याचे शुक्राणू जागीच वळवळत, वर म्हणून येत नसत.

"गरम पाण्याने अंघोळ नाही ना करत?" ग्लादिसबाईंनी खिडकीतून विचारलं.

"छे हो बाई! गारच पाणी. सिगारेटही सोडली."

"खरंच सोडली," मारिएला म्हणाली. "ट्रकमध्ये गरम पाण्याचा थर्मास मांड्यांत धरून 'माते' पानांचा काढा पितो, तेवढंच सुख उरलंय बिचाऱ्याला."

"थर्मास कुठे धरतो म्हणालीस?"

"मांड्यांत," एडिसन म्हणाला. "सगळेच धरतात. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात पेला. मग थर्मास काय डोक्यावर ठेवू?"

"अरे शहाण्या, दिवसभर नको तिथे शेक घेतोयस की!" ग्लादिसबाई ओरडल्या. "उष्णतेनेच ते सुस्तावतात."

मारिएलाने कपाळाला हात लावला.

काढा काही सुटला नाही, पण थर्मास शेजारच्या सीटवर गेला. तीन महिन्यांनी ते शेवटचं बीज बाहेर काढलं. ग्लादिसबाई तासभर माझ्यावर वाकून होत्या. या वेळी वर पोहत आलेल्यांतले चार नाकारले, पाचवा उचलला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी बीजात दोन वर्तुळं दिसली. एक तिचं, एक त्याचं. "जमलं गं बाई," असं पुटपुटत ग्लादिसबाई बाहेर पळाल्या. दाराआडून मारिएलाचं रडणं ऐकू आलं.

गर्भ तिच्या पोटात गेला आणि ती दोघं घरी गेली. पुढचं मला कोणी सांगितलं नाही. इथे कोणी सांगायला येतच नाही. मारिएला, मूल झालं असेल तर एकदा घेऊन ये गं. एवढं मोठं माणूस मला दिसायचं नाही. त्याच्या करंगळीचं टोक तेवढं माझ्याखाली धर.