दुसरा कॉम्प्युटर

घनश्यामने मॉनिटरच्या पाठीवरचा बँकेचा स्टिकर ब्लेडच्या टोकाने उचलला, उरलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्याने पुसला आणि मॉनिटर समोरच्या बाकड्याकडे वळवून बटण दाबलं. पडदा थोडा वेळ काळाच राहिला. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली आणि अंधाऱ्या दुकानात निळा उजेड पसरला.

"चल गया," तो म्हणाला. "लेकिन एकच आहे. बाकीच्यांचे पार्ट काढले, तब जाके हा झाला."

बाकड्याच्या एका टोकाला भागीरथा बसली होती, दुसऱ्या टोकाला रेवाराम पटले, ज्यांना सारं गाव पाटील म्हणायचं. दोघं एकाच गावचे. आमगावच्या पलीकडे सालेकशाच्या रस्त्यावर त्यांचं गाव. रेवारामच्या शेतावर भागीरथा रोवणीला जायची, कापणीला जायची, गेल्याच आठवड्यात त्यांच्या खळ्यावर धान उपणून आली होती. पण गोंदियाच्या बाजारामागच्या या गल्लीत, जुन्या कॉम्प्युटरांच्या ढिगासमोर, त्यांची गाठ पडेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"भागीरथा, तू इथं कायले?" आल्या आल्या रेवारामनी विचारलं होतं.

"अल्कासाठी. तुमी, पाटील?"

"मीही घरच्यासाठीच," एवढंच म्हणून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

घनश्यामचं मुख्य काम दुरुस्तीचं. पण बँकांत, ऑफिसांत नवे सपाट पडद्याचे कॉम्प्युटर आले की तो तिथले जुने मागून आणायचा, भंगारात जाण्याआधी. चालू होतील ते चालू करायचा आणि गावाकडच्या गरजवंतांना देऊन टाकायचा. दवाखान्यातल्या सिस्टरने भागीरथाला त्याचा पत्ता दिला होता. तेव्हापासून ती अधूनमधून चकरा मारत होती.

"मौसी, लड़की का फिर से बताओ," घनश्याम म्हणाला.

भागीरथाने पदर सावरला. "सिकलसेल हाये तिले, रक्ताची बिमारी. बारावी चांगल्या मार्कानं पास झाली. आमगावले कॉम्प्युटरच्या क्लासले जात होती, पण थंडी आली का सांधे धरतेत. गाडीचे धक्के सहन होत नाई. क्लास सुटला. आता आमगावचा छापखान्यावाला म्हणते, घरी बसून टाइप करून देशीन तं काम देतो. लग्नपत्रिका, शाळेचे पेपर. पण घरी पाहिजे ना."

"और आप, पाटीलजी?"

"घरी लागते."

"किसके लिए?"

रेवारामनी भागीरथाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "असंच."

घनश्यामने ब्लेड खाली ठेवलं. "बुरा मत मानना. तुम्ही नवा घेऊ शकता. माझा नियम एकच आहे. जो खरीद नहीं सकता, उसको."

"बरोबर हाये," रेवाराम म्हणाले. "इले द्या."

ते उठले, टोपी घातली, पण गेले नाहीत. भागीरथाने दोन्ही हातांनी मॉनिटर उचलून पाहिला आणि परत ठेवला. तेव्हा त्यांनी पुढे होऊन कॉम्प्युटरचा खालचा डबा काखेत घेतला, वायरी खांद्यावर टाकल्या.

"धान उतरवून गाडी रिकामीच चालली. चल."

पिकअपजवळ आल्यावर भागीरथा सवयीने मागच्या बाजूला वळली.

"समोर बस," रेवाराम म्हणाले. "मागं हादरते. फुटंन तो."

ती मॉनिटर मांडीवर घेऊन पुढे बसली. गोंदिया मागे पडलं. दोन्हीकडे कापलेल्या धानाचे खुंट आणि मधूनच बांध्यांत उगवून आलेली लाखोरीची हिरवी रोपं दिसू लागली.

"सुनेसाठी पाहत होतो," रेवाराम अचानक म्हणाले.

भागीरथाने मान वळवली नाही. त्यांचा एकुलता मुलगा कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकखाली गेला, ते साऱ्या गावाला माहीत होतं. ती स्वतः मयतीला जाऊन दाराबाहेर बसली होती.

"ओमेश्वरी लग्नाआधी तिरोड्याले कॉम्प्युटर शिकवत होती पोरापोरींले. आता बोलतच नाई. पोरीले दूध पाजते, जेवते, अन् खोलीत बसते. तिची सासू म्हणते, बाहेर निंगू नको, लोक नावं ठेवतीन. म्हटलं, घरातच काई आणून द्यावं. नवा आणला तं भाऊबंद म्हणतीन, पोरगा जाऊन वर्ष नाई झालं अन् याच्या घरी नव्या वस्तू येऊन राहिल्या. जुना असता तं कोणी देल्ला म्हणून सांगता आलं असतं."

"मंग तिथं काऊन नाई बोलले?"

रेवारामनी गिअर बदलला. "घरची गोष्ट दुकानात काय सांगाची."

समोरून धुळीचा लोट आला. भागीरथाने पदराचं टोक ओढून मॉनिटरवर घेतलं.

अल्काने कॉम्प्युटर खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. वायरी तिने स्वतःच जोडल्या. पहिल्या संध्याकाळी गावाच्या कडेच्या त्यांच्या टोलीतल्या, वस्तीतल्या बायका दारात येऊन पाहून गेल्या. हैदराबादला बांधकामावर असलेल्या भोजराजला, तिच्या वडिलांना, फोन लावून मशीनचा घुंई आवाज ऐकवून झाला. पण दुसऱ्या दिवसापासून खरी अडचण सुरू झाली. क्लासमध्ये अल्का इंग्रजी बटणांपर्यंतच पोचली होती. मराठी टाइप करायचं तर कोणत्या बटणाखाली कोणतं अक्षर दडलंय हे कळायला मार्ग नव्हता. छापखान्यावाल्याने नमुना म्हणून एक प्रश्नपत्रिका दिली होती. ती स्वच्छ करून आणली तर काम, नाहीतर तो दुसऱ्या कोणाला तरी पाहणार होता.

त्यात थंडीने जोर धरला. अल्काचे गुडघे आणि मनगटं सुजली. ती दोन उशांना टेकून बसायची, एका बोटाने एक बटण दाबायची, भलतंच अक्षर उमटलं की पुसायची.

"आई, 'क्ष' कुठं आहे तेच सापडून नाई राहिलं," ती एका दुपारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

भागीरथा चुलीपाशी बसून होती. थोड्या वेळाने ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि पाटलांच्या घराकडे निघाली.

मुन्नीबाई, रेवारामची बायको, अंगणात सूप घेऊन लाखोरीची डाळ पाखडत होती. भागीरथा तुळशीच्या अलीकडे उभी राहिली.

"पाटलीनबाई, एक मागाले आली होती."

"बोल."

"सूनबाईले थोडा वेळ आमच्या घरी पाठवता का? अल्काले मराठीतलं टाइप दाखवाले."

सूप थांबलं नाही. "आमच्या घरची सून तुमच्या टोलीत येईन? अन् तेही असल्या दिवसात?"

"अल्काले चालवत नाई. नाई तं तिलेच इथं आणलं असतं. एक अक्षर सापडून नाई राहिलं तिले, म्हणून जीव खाऊन राहिली."

मुन्नीबाईने खडे वेचून बाजूला टाकले. भागीरथा परत जायला वळली.

"कोणतं अक्षर?"

आवाज आतल्या खोलीतून आला होता, बसका, बरेच दिवस न वापरलेला. मुन्नीबाईचे हात सुपावर तसेच राहिले.

"'क्ष' म्हणे," भागीरथा म्हणाली.

ओमेश्वरी उंबऱ्यापर्यंत आली. केस तेलाविना भुरभुरत होते, कडेवर पोरगी झोपली होती. "ते एका बटनात नाही भेटत. दोन दाबावे लागतात, एकामागून एक." तिने मोकळा हात थोडा उचलला, हवेतच दोन बोटं हलवली. मग हात खाली घेतला. "सांगून नाही समजणार. दाखवावं लागेल."

मुन्नीबाईने पुन्हा सूप हलवायला घेतलं. बैलांना पेंढा टाकून आलेले रेवाराम गोठ्याच्या दाराशी उभे होते. ते सुनेकडे पाहत राहिले.

घरी येऊन भागीरथाने अल्काला काही सांगितलं नाही. घनश्यामचा नंबर लावून घेतला आणि अंगणाच्या कडेला जाऊन बोलली.

"भाऊ, त्या दिवशीच्या पाटलाले नवा घेता येते, पण आणता येत नाई. त्याच्या घरची गोष्ट वेगळी हाये. पुढचा निंगाला तं त्यांच्यासाठी ठेवा."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. घनश्यामने मध्ये एकदाही तोडलं नाही. "देखता हूँ, मौसी," तो शेवटी म्हणाला.

दोन-चार दिवस असेच गेले. एका दुपारी भागीरथा लाकडं फोडत असताना टोलीच्या तोंडाशी कुत्री भुंकली. ओमेश्वरी पोरीला कडेवर घेऊन येत होती. डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढलेला होता. दारादारांतून बायका बघत होत्या, तिने कोणाकडे पाहिलं नाही. घरापाशी येऊन तिने चप्पल काढली आणि आत शिरली.

"कुठं अडलं?" तिने अल्काला विचारलं.

अल्का घाईने उठू लागली.

"बसूनच राहा. मी उभी राहते."

ती खुर्चीमागे उभी राहिली, अल्काच्या खांद्यावरून हात पुढे घेतला आणि दोन बटणं दाबली. पडद्यावर 'क्ष' उमटला. अल्काने तो नुसता पाहिला. मग स्वतः दाबून पाहिला, पुन्हा दाबला, ओळभर 'क्ष' काढले.

"पुरे आता," ओमेश्वरी म्हणाली. "बाकीची अक्षरं रागावतील."

पोरगी रडायला लागली तेव्हा भागीरथा पाण्याचा गडवा हातात घेऊन तशीच घुटमळली. ओमेश्वरीने तो तिच्या हातातून घेतला, पोरीला दोन घोट पाजले, उरलेलं आपण प्याली आणि पडद्याकडे वळली.

त्यानंतर ती येत राहिली. मुन्नीबाईने जा म्हटलं नाही आणि जाऊ नकोही म्हटलं नाही. ओमेश्वरी दुपारची भांडी झाली की निघायची, दिवाबत्तीआधी परतायची. अल्काचे हात दुखत असले की ती स्वतः टाइप करायची आणि अल्का वाचून दाखवायची. हात बरे असले की ती मागे उभी राहून चुका काढायची. पोरगी भागीरथाच्या अंगणात कोंबड्यांच्या मागे फिरायची. प्रश्नपत्रिका पुरी झाली. छापखान्यावाल्याने ती चष्मा लावून वाचली, एका जागी काना सुटला होता तो दाखवला आणि पुढचं काम दिलं. त्यात लग्नपत्रिका होत्या, एका पतसंस्थेचा अहवाल होता. दोघींना पुरेल इतकं होतं.

थंडी ओसरायच्या सुमारास मुन्नीबाई पहिल्यांदाच टोलीत आली. भागीरथा अंगण सारवून हात धूत होती. तिने घाईने खाट ओढली, वर धुतलेली गोधडी टाकली. मुन्नीबाई बसली नाही. घराच्या उघड्या दाराकडे बघत उभी राहिली. आतून बटणांची टकटक ऐकू येत होती.

"त्या घनश्यामचा फोन आला होता," ती म्हणाली. "आमच्यासाठी एक तयार झाला म्हणते. तू सांगितलं होतं म्हणे त्याले."

"हो."

"उद्या आणाले जातो म्हणून राहिले हे."

भागीरथाने ओले हात पदराला पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. आत अल्काच्या समोर अजून अर्धा अहवाल पडून होता.

"आणा ना," ती म्हणाली. "तिचा तिले होईन. रोजची चक्करही वाचंन."

आत टकटक थांबली. "अगं, हे काय लिहिलंस? सभासदांची 'सभा' की 'शोभा'?" ओमेश्वरीचा आवाज आला, भरदार, शिकवणाऱ्या बाईचा. पाठोपाठ अल्का हसली आणि मग तीही हसली. हसू अडखळत आलं, पण आलं.

मुन्नीबाईने पदराचं टोक तोंडाशी नेलं. मग खाटेच्या कडेवर टेकली.

"पण म्या निंगतानाच नको म्हटलं त्याईले," ती म्हणाली.

"काऊन, पाटलीनबाई?"

"घरी आणला तं पुन्हा खोलीतच बसंन ओमेश्वरी." तिने आवाज खाली आणला. "घनश्यामले सांग, आणखी कोणाले गरज असंन तं त्याले दे म्हणावं. तुले माहीत असंन कोणी."

भागीरथाने मान हलवली. सिकलसेलच्या गोळ्या घ्यायला दवाखान्याच्या रांगेत येणाऱ्या कितीतरी पोरी तिला ठाऊक होत्या.

बाहेरचा आवाज ऐकून ओमेश्वरी दारात आली. सासूला पाहताच तिने डोक्यावर पदर घेतला आणि पोरीला उचलायला धावली.

"येते मी, आई. झालंच आहे."

"होऊ दे तुमचं," मुन्नीबाई म्हणाली. "मले घाई नाई."

तिने चपला काढून खाटेखाली सारल्या आणि पाय वर घेतले.