हात मावतील एवढी चौकट

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. छावणी भागात राहणाऱ्या, लग्नांचं चित्रण करणाऱ्या सगीरा आपांच्या कपाटावर धूळ खात पडलोय, पण ऐट काही गेलेली नाही. एके काळी माझ्याशिवाय लग्न लागत नसे!

तेव्हा मला माझ्या झूमचा भारी अभिमान होता. मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाच्या नवरीच्या पापणीवरचं पाणी मी टिपायचो. लोक वाहवा करत. आपा मात्र म्हणायच्या, "अरे, नुस्तं जवळ जाऊन काय होतं?" मला ते पटत नसे.

मग पाचोडला प्रेरणाचं लग्न आलं. तिचे वडील कडूबा जन्मापासून मुके-बहिरे, सगळं हातांनी सांगायचे. प्रेरणानं आपांना बाजूला घेतलं. "आपा, मी लई लांब चाललेय. बाबांचं बोलणं फोनवर कसं ऐकू? आज ते जे सांगतील, ते मला संगं न्यायचंय."

पाठवणीला कडूबा लेकीसमोर उभे राहिले. डोळे भरून आलेले. प्रेरणाचे गोकुळमामा ओरडले, "ओ ताई, जवळून घ्या की! रडताना चेहरा मोठा दिसू द्या!"

माझाही जीव त्या चेहऱ्याकडे धावत होता. पण आपा उलट मागं सरकल्या. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कडूबा चौकटीत आले आणि त्यांचे हात बोलू लागले. तळवा गुडघ्याशी नेला: एवढीशी होतीस. स्वतःचं बोट मुठीत धरलं: हे धरून चालायला शिकलीस. मग त्यांनी दोन्ही हात पसरले: कधीही ये, मी आहे. ते हात मावेनात, म्हणून आपा आणखी मागं गेल्या आणि वाढप्याच्या वरणाच्या बादलीवर आदळल्या. चौकट मात्र हलली नाही.

मी थक्क झालो. एवढं मोठं बोलणं मी कधी टिपलं नव्हतं. जवळ गेलो असतो, तर त्यातला एक शब्दही हाती लागला नसता.

पुढं माझी बटणं अडकू लागली, घरोघरी मोबाइल आले. कडूबाही गेले. मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल, पण कुणाला टिपताना घाई करू नका. माणूस कशानं बोलतो ते आधी पाहा आणि तेवढी जागा चौकटीत ठेवा.

परवा प्रेरणा तिच्या लेकीला, करुणाला घेऊन आपांकडं आली होती. पोरीनं आजोबांना कधी पाहिलेलं नाही. प्रेरणानं मोबाइलवर तेच चित्रण लावलं. कडूबांनी हात पसरले, तशी करुणा उठली, आईनं शिकवलेल्या खुणांनी त्यांना म्हणाली, "येते, आजोबा," आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.