एका तांब्याची मळमळ

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे आणि मला मळमळतंय. आपली कहाणी सांगायला बसलेल्या भांड्याने अशी सुरुवात करू नये, हे मला कळतं. आधी जन्म सांगावा, मग कष्ट, मग उपेक्षा आणि शेवटी उपदेशाचे दोन शब्द. ते सगळं सांगतोच. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या पोटात जे ओतलं गेलं त्याची चव अजून माझ्या गळ्याशी आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुढे बोलवत नाही.

लिंबाचा रस, त्यात सफरचंदाचं व्हिनेगर. त्यात मध, हळद आणि फुगून बुळबुळीत झालेल्या कसल्याशा काळ्या बिया. हे सगळं रात्रभर माझ्यात मुरायचं आणि सकाळी एका सात वर्षांच्या मुलीला पाजलं जायचं. शी! आठवलं तरी अंगावर शहारे येतात.

माझा जन्म पुण्यातला, तांबट आळीतला. एका म्हाताऱ्या तांबटाने पत्र्यावर ठोके घालून मला पोट दिलं, गळा दिला, काठ दिला. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. खडकीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मामाने मला भाचीच्या लग्नासाठी विकत घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या नाव घालणाऱ्याने टिकटिक करत माझ्या पोटावर अक्षरं कोरली: ‘चि. लीला हिच्या मंगल परिणयानिमित्त मामांकडून सप्रेम भेट’. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही. नाव चुकलं असतं तर जन्माचं चुकलं असतं.

लीला म्हणजे लीलाबाई. तिच्या संसारात मी तीस वर्षं पाणी भरलं. तिचे यजमान नामदेव सकाळी उठून बुद्धवंदना म्हणायचे आणि मग माझ्यातलं पाणी घटाघटा प्यायचे. लीलाबाई दर रविवारी मला चिंच आणि मीठ लावून घासायची. मी असा लखलखायचो की शेजारणी विचारायच्या, नवीन घेतलात का? आंबट माझ्या अंगाला लागतं, मित्रांनो, पोटात मात्र ते मला चालत नाही. आंबट पोटात राहिलं की माझं तांबं त्यात सुटतं आणि ते पिणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. याला आपल्याकडे कळकणं म्हणतात.

हे त्या काळी कोणी कोणाला शिकवत नसे. एकदा पाहुण्या आलेल्या एका मुलीने उरलेलं ताक माझ्यात ओतून ठेवलं. संध्याकाळी लीलाबाईने झाकण काढलं, नुसता वास घेतला आणि सगळं ताक मोरीत ओतून दिलं. ती त्या मुलीला एक शब्दही बोलली नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला वाटलं असावं.

पुढे घरात पाण्याचं यंत्र आलं आणि मी माळ्यावर गेलो. नामदेव गेले, तेव्हाही मी तिथेच होतो. माझ्यात एक झुरळ मरून पडलं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं. तेव्हा मला वाटलं होतं, याहून किळसवाणं आपल्या नशिबी काही नसेल. किती भोळा होतो मी!

लीलाबाईचा मुलगा यशपाल नोकरीसाठी जर्मनीत, बॉबलिंगेनला गेला. त्याची बायको रोहिणी. त्यांची मुलगी अन्वी लहानपणी अंगभर खरजेने लाल व्हायची, रात्र रात्र खाजवायची. डॉक्टर मलम द्यायचे, मलम बंद केलं की अंग पुन्हा लाल. त्या दिवसांत रोहिणी फार रडली असं म्हणतात. मग तिने साबण बदलला, तेल बदललं, आणि मुलगी मोठी होता होता खरूज गेली. ती कशाने गेली ते कोणालाच ठाऊक नाही. पण रोहिणीने ठरवून टाकलं की जे बाटलीतून येतं ते वाईट आणि जे झाडावरून येतं ते चांगलं.

एकदा तिने फोन केला, “आई, तुमच्याकडे जुना तांब्या होता ना? इकडे सगळे कॉपरचं पाणी पितायत हो.”

लीलाबाई हरखली. सून आपली जुनी वस्तू मागते, याहून मोठं सुख कोणतं? तिने मला माळ्यावरून काढलं, झुरळ झटकलं आणि चिंचेने तासभर घासलं. “रात्री पाणी भरून झाकून ठेव आणि सकाळी प्या सगळे,” असं ती फोनवर म्हणाली. एवढंच म्हणाली. माझ्या पोटात मेतकुटाच्या पुड्या कोंबून तिने मला सुट्टीवर आलेल्या यशपालच्या बॅगेत घातलं.

बॉबलिंगेनचं ते घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तिथे साबण हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. न्हाणीघरात रोहिणीच्या बरण्यांची रांग. केस धुवायला इकडच्या काळ्या पावाचं पीठ भिजवलेलं. ते दोन दिवसांत आंबतं आणि त्याला ओल्या मोज्यांचा वास येतो. काखेत लावायला खाण्याचा सोडा, खोबरेल तेलात कालवलेला. केस गळू नयेत म्हणून कांद्याचा रस. तो डोक्याला लावून यशपाल एकदा ऑफिसला गेला आणि दुपारी टोपी घालून परत आला. हे सगळं निसर्गाचं आहे, हे मला मान्य आहे. पण निसर्गात सडकंही असतं, हे त्या घरात कोणालाच मान्य नव्हतं.

पहिले काही महिने माझ्यात साधं पाणी होतं. मी सुखात होतो. खिडकीतून मला समोरची झाडं दिसायची आणि लीलाबाईची आठवण यायची. मग रोहिणीला कुठेतरी ‘सकाळचं शुद्धीपेय’ सापडलं. पोट साफ, त्वचा साफ, रक्त साफ. तिने विचार केला की लिंबू चांगलं, व्हिनेगर चांगलं, तांब्याचं पाणी तर चांगलंच, मग एकत्र केलं तर किती चांगलं!

तिने पहिल्यांदा लिंबू पिळलं, तेव्हा मी ओरडलो असतो. पण भांड्याला कंठ असतो, आवाज नसतो. सकाळपर्यंत माझ्या आतला थर सुटून त्या पाण्यात उतरला होता. हळदीमुळे रंग कळत नव्हता, मधामुळे चव कळत नव्हती. फक्त माझ्या गळ्याशी हिरवट कड धरली होती. ती कड बघून रोहिणी म्हणाली, “बघ अन्वी, किती जुनं आहे हे! व्हिंटेज!”

अन्वी प्यायली. दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी पोट धरून बसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या वाटेवर तिला उलटी झाली. “मामा, मीर इस्ट श्लेख्त,” म्हणजे आई, मला मळमळतंय, असं ती रोज म्हणायची. आई मराठीत विचारायची आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तशी त्या घराची रीतच होती.

“आल्झो, रोहिणी, किंडरआर्ट्झकडे नेऊया ना,” यशपाल म्हणायचा. आल्झो म्हणजे ‘तर मग’, आणि किंडरआर्ट्झ म्हणजे मुलांची डॉक्टर.

“नेलं ना मागच्या आठवड्यात. शाळेचा ताण असेल म्हणाल्या.”

“तू हे पाणी सांगितलंस त्यांना?”

“पाण्याचं काय सांगायचं? डिटॉक्स होतंय, यश. आतली घाण बाहेर पडतेय. सुरुवातीला असंच होतं.”

मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझं काय झालं असेल! घाण त्या पोरीच्या पोटात नव्हती. घाण मी होतो. एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर मी एका लेकराला विष पाजत होतो आणि तिची आई मला कौतुकाने पुसून ठेवत होती. मला स्वतःचीच किळस आली. माळ्यावरचं ते झुरळ मला सोयरं वाटायला लागलं.

वर रोहिणीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, ‘निसर्ग आणि आपण’. आसपासच्या गावांतल्या त्रेचाळीस मराठी आया त्यात. त्यांना तिने ही कृती माझ्या फोटोसह पाठवली होती. शिवांगी नावाच्या एका मैत्रिणीने विचारलं की तिच्या मुलाला, कबीरला, दोनदा उलटी झाली, हे नॉर्मल आहे का. रोहिणीने मोठ्याने बोलत उत्तर पाठवलं, “हो गं, तीन आठवडे लागतात. सोडू नकोस.”

एप्रिलमध्ये लीलाबाई तीन महिन्यांसाठी आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने मला ओळखलं. माझ्या पोटावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “मामा, बघा कुठवर आला तुमचा तांब्या,” असं ती पुटपुटली. पण मधुमेहामुळे ती मधाचं काही घेत नसे. तिला सकाळी चहा लागायचा. तीन दिवस ती माझ्या शेजारी बसून चहा प्यायली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. लीलाबाई, एकदा झाकण काढ. नुसता वास घे.

चौथ्या दिवशी अन्वी अर्धा पेला प्यायली आणि स्वयंपाकघरातच ओकली. लीलाबाईने तिला जवळ घेतलं, तोंड पुसलं. मग टेबलावरचा उरलेला पेला उचलून नाकाशी नेला. तिचा चेहरा आंबट झाला. तिने माझं झाकण काढलं, आत वाकून बघितलं, बोट फिरवून जिभेला लावलं आणि बेसिनमध्ये थुंकली.

“कळकलंय हे! रोहिणी, यात काय घातलंस?”

“लिंबू, व्हिनेगर... सगळं बायो, म्हणजे सेंद्रिय आहे, आई.”

“तांब्यात लिंबू? रात्रभर? कधीपासून?”

“दीड महिना. आई, तुम्हीच तर सांगितलंत तांब्यातलं पाणी चांगलं म्हणून!”

“पाणी म्हटलं होतं मी, रोहिणी.”

 लीलाबाई खुर्चीवर बसली.  “तुझी एकटीची चूक नाही,” ती म्हणाली. “आंबट घालू नकोस, हे मी म्हणालेच नाही. मला वाटलं, ते कोणालाही ठाऊक असतं. मी तुला अर्धंच सांगितलं गं.”

रोहिणीने मोबाइल काढला, चार ठिकाणी वाचलं आणि अन्वीचा कोट काढला. त्याच सकाळी दोघी अन्वीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मला पिशवीत घालून पुरावा म्हणून नेलं. डॉक्टरबाईंनी माझ्या गळ्याची हिरवी कड बघितली आणि पेय तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं. रक्त तपासलं. नशीब, फार बिघडलं नव्हतं. पाचव्या दिवशी अन्वीने सकाळी दोन टोस्ट मागितले, तेव्हा रोहिणी भिंतीकडे तोंड करून रडली.

पण त्याआधी, डॉक्टरकडून आल्या आल्या, तिला एक काम करायचं होतं आणि ते तिच्याने होईना. ती फोन हातात घेऊन बसून राहिली. “आई, त्रेचाळीस जणी आहेत. मला काय म्हणतील?”

“त्या काय म्हणतील ते राहू दे,” लीलाबाई म्हणाली. “तो कबीर उद्या सकाळी काय पिणार, ते बघ.”

रोहिणीने शिवांगीला फोन लावला. मग ग्रुपमध्ये स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. सारवासारव केली नाही. म्हणाली, “मी चुकले. माझ्या मुलीला मी दीड महिना आजारी पाडलं आणि त्याला शुद्धी म्हणत राहिले. तांब्याच्या भांड्यात आंबट काही घालू नका. कोणी घातलं असेल तर आत्ता ओता, आणि मुलांना त्रास होत असेल तर डॉक्टरांना सगळं खरं सांगा.” सात जणींनी उत्तर दिलं की आत्ताच ओतलं. सात! त्या सात भांड्यांची मळमळ मला इथे बसून जाणवली.

आता मी परत खिडकीत आहे. लीलाबाईने मला आतून बाहेरून घासलं. अन्वीने शाळेच्या वहीतलं एक स्टिकर काढून त्यावर मोठ्या अक्षरात ‘नूर वासर’ लिहिलं, म्हणजे फक्त पाणी, आणि ते माझ्या पोटावर मामांच्या कोरलेल्या अक्षरांखाली चिकटवलं. लग्नात माझ्यावर जे कोरायचं राहिलं, ते त्या पोरीने पूर्ण केलं.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला माळ्यावर टाकू नका आणि मला डोक्यावरही घेऊ नका. मी फक्त तांबं आहे. मला कोणाच्या हाती द्याल, तेव्हा माझे गुण सांगाल तशी माझी खोडही सांगा. आणि लेकरू मळमळतंय म्हणालं, तर आधी त्याचं ऐका.

अन्वी आता माझ्यातलं पाणी पिते. पण प्रत्येक वेळी ती पेला आधी नाकाशी नेते, डोळे मिटून वास घेते, आजीकडे बघते. आजीने मान हलवली की मगच पिते. पूर्वी ती असं करत नव्हती.